पाळत

१४ नोव्हेंबर २०२५

सकाळी कपाशीतील, बोंडअळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे पाहून घरी परतलो, तेव्हा पीएसएचा, म्हणजे माझ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी केलेल्या रक्ततपासणीचा, अहवाल आलेला होता. आकडा ६.४. मे महिन्यात तो ६.१ होता. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले की एवढ्या फरकावरून काही ठरत नाही, लघवीच्या साध्या संसर्गानेही तो वाढतो. तरीही दुपारपर्यंत माझे कशातच लक्ष लागले नाही.

रात्री चार-चारदा लघवीला उठावे लागते म्हणून मी उन्हाळ्यात तपासायला गेलो होतो. तो त्रास वयानुसार वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा होता; कर्करोगाची स्वतःची अशी एकही खूण अंगावर नव्हती. बायोप्सीत घेतलेल्या १२ तुकड्यांपैकी २ मध्ये तो सापडला, ग्लीसन गुण, म्हणजे कर्करोगाच्या पेशी किती आक्रमक दिसतात ते सांगणाऱ्या दोन अंकांची बेरीज, ३+३, म्हणजे ६. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्यामुळे मी तो आकडा दहापैकी सहा असाच वाचला आणि निम्म्याहून अधिक बिघडले आहे असे समजून बसलो. प्रत्यक्षात ही मोजणी आज सहापासूनच सुरू होते आणि सहा ही तिची सर्वांत सौम्य पायरी आहे, हे मला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळले. पहिल्या दवाखान्याने आठवड्याच्या आत शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. ग्रंथी काढल्यानंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, लैंगिक क्षमता कमी होऊ शकते, यातले एक अक्षरही तिथे कोणी उच्चारले नव्हते. त्याचा राग अजून मनात आहे.

गावात मात्र लगेच शस्त्रक्रिया न करता नियमित तपासण्यांनी रोगावर पाळत ठेवण्याचा माझा निर्णय कोणालाच पटलेला नाही. शेजारचे भाऊ परवा ओट्यावर बसून म्हणाले, "गुरुजी, तण दिसलं तं उपटाच लागते ना जी!" पैसे वाचवण्यासाठी मी अंगावर काढतो आहे, असाही समज पसरला आहे. मला त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की गुलाबी बोंडअळीचा एक पतंग सापळ्यात दिसला म्हणून आपण फवारणी करतो का? सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले तर फवारा, असे कृषी सहायक सांगतात, कारण फवारणीचीही किंमत मोजावी लागते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मात्र सापळे रोज न पाहता जो नुसता थांबतो, त्याचे पीक जाते, हेही तितकेच खरे.

डॉक्टरांनी मला ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाची माहिती दिली. त्यात १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागणी करून १५ वर्षे पाठपुरावा केला गेला. या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत शंभरात तीनच्या आसपास राहिले. रोग शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात शंभरात नऊ आणि उपचार घेतलेल्यांत पाच होते. आणि देखरेखीतील दहापैकी सहा जणांना कधी ना कधी उपचार घ्यावेच लागले. हे नऊ आणि पाच मी विसरू शकत नाही. त्या अभ्यासात आजच्यासारखे एमआरआय किंवा ठरावीक मुदतीने पुन्हा बायोप्सी नव्हती आणि सगळेच रुग्ण माझ्याइतके सौम्य नव्हते, हे डॉक्टरांनी समजावले, त्यामुळे धीर आला.

माझी खरी भीती वेगळी आहे. आर्वीहून नागपूरला जाण्यात पूर्ण दिवस मोडतो. वेचणी ऐन भरात असताना, मजूर मिळत नसताना, एखादी तारीख चुकेल, मग दुसरी चुकेल, आणि पाळत नावापुरती उरेल. ज्याला तारखा पाळणे जमणार नाही त्याने सरळ उपचार घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. सुरुवातीला तो शस्त्रक्रियेसाठीच हट्ट धरून होता. आज त्याने एवढेच विचारले, "बाबा, कोणता आकडा आला की तुम्ही थांबणार नाही?" मी त्याला सांगितले की आकड्यापेक्षा बायोप्सी पाहायची; तीत ३+३ मधील एखाद्या ३ च्या जागी ४ दिसला की डॉक्टर म्हणतील तो उपचार घेईन. मे महिन्यातील बायोप्सीला तो सोबत येणार आहे. त्याची आई शेजारी बसून सगळे ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "अहो, मीही येईन."