पाण्याच्या मालिकेची नोंद : सातवा महिना

पाण्याच्या पृष्ठभागावरील कृष्णधवल मालिकेला आता सात महिने झाले असून ठरवलेल्या बारांपैकी आठ छायाचित्रे माझ्या दृष्टीने पक्की झाली आहेत. मला दिसलेले पाणी पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, या अडचणीपाशी मी मागील नोंदीत थांबलो होतो; ती सुटली आहे असे म्हणवत नाही. मात्र ती नेमकी कोठे आहे, एवढे या महिन्यात कळले.

मालिकेचा आरंभ दहा स्टॉपच्या एनडी फिल्टरने, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या गडद काचेने, झाला होता (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). हा फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो. त्यामुळे जेथे १/३० सेकंद पुरेसा झाला असता, तेथे शटर साधारण ३४ सेकंद उघडे ठेवावे लागते आणि लाटांच्या जागी दुधासारखा गुळगुळीत थर उरतो. ती छायाचित्रे पाहणाऱ्यांना मनापासून आवडली. मला मात्र पाण्याचे वजन आणि त्याची अस्वस्थता त्यांत सापडेना. शिवाय असे पाणी आता इतके जण टिपतात की चौकट कोणाची हे ओळखणे अवघड जाते (त्या ढिगात माझीही चाळीसएक छायाचित्रे आहेत, तेव्हा तक्रारीचा अधिकार मला फारसा नाही). म्हणून फिल्टर उतरवला आणि शटर १/८ ते १/२ सेकंदाच्या दरम्यान आणले. या गतीला लाटेची रेघ पूर्ण पुसली जात नाही आणि गोठतही नाही. कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी ती उमटते. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या मूळ नोंदीत, छायाभागाचा (चित्रातल्या गडद भागांचा) तपशील राखून काळेपणा नंतरच्या प्रक्रियेत वाढवला, कारण मला ते पाणी काळेच दिसले होते.

यावर दोन प्रतिक्रिया वारंवार आल्या : ‘फिल्टर लावायला विसरलात का?’ आणि ‘फारच अंधारे आहे.’ दोन्ही प्रतिक्रिया मी एकाच खात्यात टाकल्या आणि लोकांना सवयीचे तेच हवे असते, असे म्हणून मोकळा झालो. हा माझा आळस होता.

या महिन्यात तीन छायाचित्रांचे सुती मॅट कागदावर प्रत्येकी दोन प्रिंट काढले. एक मूळचा काळोखी, दुसरा छायाभाग साधारण अर्धा स्टॉप उजळलेला. कोणता आवडला हे न विचारता, काय दिसते आहे एवढेच विचारले. काळोखी प्रिंट पाहून एकाने खडक म्हटले, दुसऱ्याने ओले कापड; पाणी कोणालाच दिसले नाही. उजळलेल्या प्रिंटमध्ये पाणी लगेच ओळखले गेले आणि त्यानंतर ते गुळगुळीत नसल्याची कुरकुर सुरू झाली. ती कुरकुर रुचीची असल्यामुळे मी मनावर घेतली नाही. अंधाराबद्दलची तक्रार मात्र खरी होती, कारण मला जे सांगायचे होते ते कागदावर पोहोचलेच नव्हते.

कारण शोधले तेव्हा दोष बराचसा माझ्या टेबलाचा निघाला. मॉनिटर स्वतः प्रकाश देतो, तर प्रिंट खोलीतल्या प्रकाशावर जगतो. त्यातच मॅट कागदाचा काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल जात नसल्याने गडद छटा एकमेकींत मिसळून जातात. प्रिंट तपासण्यासाठी आयएसओ ३६६४ या मानकात एका प्रकारच्या पाहणीसाठी ५०० लक्स प्रकाश सांगितला आहे. मी तर दिव्याखाली प्रिंट धरून समाधानी होत होतो. पाहणारे तेच प्रिंट भिंतीवर, संध्याकाळच्या उजेडात पाहत होते.

काळोख म्हणजेच माझी अभिव्यक्ती, हा हट्टही थोडा सैल झाला आहे. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे टिपलेल्या चंद्रोदयाच्या एकाच निगेटिव्हचे पुढे अनेक दशके प्रिंट काढले; सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या फिकट छटा दिसतात, तर नंतरच्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळे झाले आहे. खुद्द कर्त्याचे म्हणणेच असे सरकत असेल, तर माझ्या पहिल्या प्रिंटला अंतिम मानण्याचे कारण उरत नाही. अर्थात अ‍ॅडम्स काळोखाकडे गेले आणि मी उजेडाकडे येतो आहे, हा विनोद माझ्या लक्षात आला आहे.

आठपैकी पाच छायाचित्रांचे छायाभाग आता उजळले आहेत. दोन तशीच ठेवली, कारण त्यांत पाणी आहे की नाही याचा संभ्रम हाच विषय आहे. आठव्याच्या जागेचा निर्णय झालेला नाही. ते फिल्टरच्या काळातले, सर्वांच्या आवडीचे, गुळगुळीत पाण्याचे छायाचित्र आहे. ते पहिल्या जागी ठेवले तर पाहणारा आत येतो, पण पुढची सगळी छायाचित्रे त्याच मापाने मोजतो. सध्या ते सातव्या जागी लावून पाहतो आहे. तेथे, इतक्या खवळलेल्या पाण्यानंतर, ते मलाही पहिल्यांदाच शांत वाटले.