ग्रुप कॅप्टिव्ह सोलर : आमच्या कारखान्याचा अनुभव

आमच्या फोर्जिंग कारखान्याच्या छपरावर बसतील तेवढी पॅनेल आधीच बसवून झाली होती. इंडक्शन हीटर इतकी वीज ओढतात की छपरावरची बचत महिन्याच्या बिलात जेमतेम दिसायची. एक मेगावॅट सोलरला साधारण चार एकर जमीन लागते आणि आमच्या एमआयडीसीत तेवढी मोकळी जागा कुणाकडेच नाही. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात उभारलेल्या प्रकल्पाची वीज ग्रिडवरून आणायचं ठरलं आणि फाइल माझ्याकडे आली. इलेक्ट्रिकल विभाग माझ्याकडेच आहे.

ओपन ॲक्सेसमध्ये, म्हणजे ग्रिडच्या तारा वापरून दुसऱ्या उत्पादकाची वीज आणण्याच्या सोयीत, दोन वाटा होत्या. थर्ड पार्टीत प्रकल्पवाल्याकडून सरळ वीज विकत घ्यायची, पैसे गुंतवायचे नाहीत. पण त्यावर क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीचा भार उचलण्यासाठी) आणि अतिरिक्त अधिभार (वीज कंपनीच्या स्थिर खर्चापोटी) लागतो आणि हिशेब तिथेच बिघडतो. ग्रुप कॅप्टिव्हमध्ये आपण इतर कंपन्यांसोबत प्रकल्पाचे भागधारक होतो आणि त्याची वीज स्वतः वापरतो, हाच कॅप्टिव्ह वापर. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 42 प्रमाणे कॅप्टिव्ह वापराला क्रॉस सबसिडी अधिभार नाही, आणि अतिरिक्त अधिभारही लावता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये दिला. आमचा निर्णय या दोन ओळींवरच झाला.

अट मात्र कडक आहे. 2005 च्या वीज नियमांनुसार वापरणाऱ्यांकडे मिळून किमान 26 टक्के मालकी हवी, तीही मतदानाचा हक्क असलेल्या समभागांची. शिवाय वर्षभरात तयार झालेल्या विजेतली किमान 51 टक्के त्यांनीच वापरली पाहिजे. एका आर्थिक वर्षात जरी अट मोडली, तरी त्या वर्षाची सगळी वीज कॅप्टिव्ह धरली जात नाही आणि वाचलेला अधिभार मागे लागतो.

26 टक्के ऐकून आमचे सीएफओ दचकले होते. त्यांच्यासमोर एक उदाहरण मांडलं. समजा प्रकल्प 40 कोटींचा आहे आणि त्यात 70 टक्के कर्ज आहे. मग भागभांडवल 12 कोटी, त्याचे 26 टक्के म्हणजे 3 कोटी 12 लाख, आणि तेही चार-पाच कंपन्यांत वाटलेले. त्यांचा पुढचा प्रश्न लाभांशाचा होता. बहुतेक करारांत समभाग दर्शनी किमतीला घ्यायचे आणि मुदत संपली की त्याच किमतीला परत द्यायचे असतात. या पैशावर लाभांश धरूच नये. स्वस्त वीज हाच परतावा, आणि तो मिळतो की नाही हे आपला लोड ठरवतो.

म्हणून माझा सर्वांत जास्त वेळ मीटरच्या डेटावर गेला. ओपन ॲक्सेसचा हिशेब 15 मिनिटांच्या ब्लॉकमध्ये होतो, दिवसाचे 96 ब्लॉक. वर्षभराचा डेटा एक्सेलमध्ये ओढला, तेव्हा महिन्याच्या बिलात कधीच न दिसणाऱ्या गोष्टी समोर आल्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लोड झपकन खाली येतो, नेमका तेव्हाच सोलर भरात असतो. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी कंप्रेसर आणि दिवे सोडले तर कारखाना बंद, आणि प्रकल्प मात्र चालूच. डाय (साचे) बदलताना हीटर बंद राहतात तेही ब्लॉकमध्ये स्पष्ट दिसतं. या सगळ्या वेळी आलेली जादा वीज बँकिंगमध्ये, म्हणजे पुढे वापरण्यासाठी ग्रिडच्या खात्यात, जाते आणि ती पुढे कोणत्या वेळच्या वापरातून वजा होणार हे टीओडीवर (दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरांवर) ठरतं. प्रकल्पवाल्याने आमच्या कॉन्ट्रॅक्ट डिमांडकडे (वीज कंपनीशी ठरलेल्या कमाल मागणीकडे) बघून क्षमता सुचवली होती. मी ती गुरुवारच्या आलेखावर बसवून पाहिली आणि बरीच कमी करून घेतली. माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. युनिटमागे दहा-वीस पैशांची घासाघीस त्यानंतर.

टीओडीचा मुद्दा वरवर घेऊ नका. महाराष्ट्रात पूर्वी सकाळी 9 ते 12 ही महाग वेळ होती, त्यामुळे तेव्हाची सोलर वीज जास्त पैसे वाचवायची. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2025 च्या आदेशांत 9 ते 5 हीच सवलतीची वेळ झाली. ग्रिडची वीज दुपारी स्वस्त झाली की सोलरने वाचणारा रुपयाही लहान होतो. पंधरा-वीस वर्षांच्या करारात असे बदल होणारच, म्हणून ‘चेंज इन लॉ’चं (नियम बदलले तर काय, याचं) कलम आम्ही वकिलांसोबत शब्दन् शब्द वाचलं. कोणता आकार वाढला तर कुणी भरायचा, हे तिथे नाव घेऊन लिहिलेलं हवं. ‘टेक ऑर पे’चंही (वीज घेतली नाही तरी पैसे देण्याच्या अटीचंही) तसंच. मंदीत दोन शिफ्ट बंद पडल्या तर किमान किती युनिटचे पैसे द्यावे लागतील, हा आकडा सहीआधीच डोळ्यांसमोर हवा.

दर बघताना कारखान्याच्या गेटवर पडणारा दर बघायचा. पारेषण आकार, व्हीलिंग आकार (वीज कंपनीच्या वितरण तारांचं भाडं) आणि वाटेतली गळती धरली की प्रकल्पावरचा दर बराच फुगतो. आम्ही 33 केव्हीवर आहोत, म्हणून व्हीलिंग चुकत नाही. अतिउच्चदाबावरच्या ग्राहकाचं गणित वेगळं.

अर्जाचं काम कागदाला कागद जोडण्याचं आहे. 2022 च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांत 15 दिवसांची मुदत आहे, पण अर्ज पूर्ण असेल तरच तिचा उपयोग. मीटरची चाचणी, करारांच्या प्रती, भागधारणेचा सीएचा दाखला हे सगळं प्रकल्पवाला जमवेल असं मानू नये, प्रत्येक कागदाची एक प्रत आपल्याकडे हवी. पहिल्या बिलात वजा झालेले युनिट आमच्या हिशेबाशी जुळेनात. ब्लॉकनिहाय तक्ता घेऊन बसलो, तेव्हा दुरुस्ती झाली.

सोबतच्या भागधारकांकडे मात्र मी सुरुवातीपासून बारकाईने बघत होतो. वापर मालकीच्या प्रमाणात हवा, फरक दहा टक्क्यांच्या आत. प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढली तरी ही अट लागतेच, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये स्पष्ट केलं. आमच्या गटातल्या एका कंपनीचा वापर घसरायला लागला, तेव्हा तिमाहीच्या आढाव्यातच ते लक्षात आलं आणि समभागांची फेरवाटणी वेळेत झाली. तिमाही आढाव्याचं कलम आम्ही भागधारक करारात आग्रहाने घातलं होतं. सुरुवातीला त्याला सगळ्यांनी नाकं मुरडली होती.

आता संध्याकाळच्या महाग वेळेसाठी पवन-सौर हायब्रिडची बोलणी चालू आहेत. प्रकल्पवाल्यांनी दरपत्रक पाठवलं आहे. मी त्यांच्याकडे बाराही महिन्यांचा ब्लॉकनिहाय निर्मितीचा अंदाज मागितला आहे, तो आल्याशिवाय दरावर बोलणार नाही.