बोंड आईचं, सरकी लेकराची

मागच्या नोव्हेंबरात नववीच्या वर्गात मी एक वाक्य अगदी ठासून सांगितलं आणि ते चुकीचं निघालं. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतेय, बाप कापूसवाला, भाऊ कापूसवाला, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. म्हणजे ज्या विषयात चुकायला नको होतं, नेमकी त्यातच चुकले.

झालं असं की पेशीचा तास होता. आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे, त्याचा आरसा एका कोपऱ्यात फुटलेला. कांद्याचा पापुद्रा काढायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा, ओळीनं एकेकानं डोळा लावायचा, हे दरवर्षीचंच. त्या दिवशी कांदा आणायची मीच विसरले. खिडकीतून शेजारचं कापसाचं वावर दिसत होतं, पऱ्हाटी फुटलेली. एका पोराला पिटाळलं, "जा रे, एक बोंड आण." एक तंतू ओढून काचपट्टीवर ठेवला.

तो पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. मुलांना वाटलं, हा अनेक पेशींचा धागा असणार. नाही. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या, म्हणजे कापसाच्या बियाच्या, टरफलावरची एक पेशी फूल उमलतं त्या दिवसाच्या आसपास लांबायला लागते आणि तीनेक आठवडे लांबतच जाते, अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत. मग आतून सेल्युलोजचे थरावर थर बसतात. बोंड उकललं की पेशी वाळते, आतली पोकळी बसते आणि तिला पीळ पडतो. तो पीळ असतो म्हणून सूत कातता येतं. कांद्याची पेशी बघायला काच लागते, ही नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि आपण ती अंगात घालतो. एका मुलीनं लगेच स्वतःच्या गणवेशाची बाही निरखून पाहिली. (तिचा गणवेश टेरिकॉटचा होता. मी काही बोलले नाही.)

तिथून गाडी बीटी कापसावर गेली, ती जाणारच. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं, त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं आणि ते खाल्लं की अळी मरते, एवढं आमच्याकडे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. पण शेवटून दुसऱ्या बाकावरनं प्रश्न आला, "मॅडम, म्हस सरकी खाते, ढेप खाते. तिले काहून काई होत नाई?"

विकरं, म्हणजे एन्झाइम, शिकवायला याहून चांगली सुरुवात मला तरी आजवर मिळाली नव्हती. पुस्तकात विकर म्हटलं की लाळ, स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग. इथे मी अळीचं आतडं काढलं फळ्यावर. आपल्या जठरात आम्ल असतं, अळीच्या आतड्यात उलट, चांगलं अल्कधर्मी वातावरण. तिथे ते प्रथिन विरघळतं आणि अळीचीच पाचक विकरं त्याचा जास्तीचा भाग छाटून टाकतात. छाटल्यावर जो तुकडा उरतो तो खरा मारक. तो आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक रेणूंना जाऊन चिकटतो, पेशीच्या पडद्याला भोकं पडतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगून फुटते. अळी खाणं थांबवते आणि मरते. म्हशीच्या पोटात तसं वातावरण नाही आणि चिकटायला तसे रेणूही नाहीत, तिच्या लेखी ते डाळीतल्या प्रथिनासारखंच एक प्रथिन. "म्हंजे अळी सोताच्याच पाचकानं मरते?" "हो, जवळजवळ तसंच." वर्ग खूश झाला, मीही झाले. त्या खुशीतच ते वाक्य बोलून गेले: "बीटीच्या झाडावरच्या बोंडातली प्रत्येक सरकी बीटीच असते."

तास संपल्यावर एक मुलगा टेबलाशी आला. सगळ्यांसमोर बोलणारा नव्हे. म्हणाला, "मॅडम, आमच्या बाबानं एका साली घरचीच सरकी लावली होती, बीटीची. काई झाडं चांगली राह्यली, काई झाडाईले अळीनं पार खाल्लं. सगळी बीटी असती तं अशी झाली असती का?"

मी म्हटलं, उद्या सांगते. आणि घरी पोळ्या लाटताना एकदम लक्षात आलं. त्याच पुस्तकात, पुढच्याच धड्यात, मी स्वतः दरवर्षी मेंडेलच्या वाटाण्याचे चौकोन काढते, आईबापाचं कुठलं जनुक लेकरात येतं त्याचे!

आपल्याकडचा बीटी कापूस संकरित आहे. भारतात संकरित कापसाची चाल १९७० मधल्या सुरतच्या एच-४ या वाणापासूनची. मार्च २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली तीही संकरित वाणांनाच. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सरळ वाण लावतात, त्यांचं बी शुद्ध असतं. आपल्या पाकिटातल्या बियाला जनुक मिळालेलं असतं साधारणपणे एकाच पालकाकडून. म्हणजे जोडीतला एक डबा भरलेला, एक रिकामा. असं झाड स्वतःच्याच परागानं फळलं की पुढच्या पिढीत तिनास एक, तीन बीटी तर एक नॉन-बीटी. मेंडेलचा पहिला चौकोन, त्यात फरक काहीच नाही. आणि पुढची पिढी म्हणजे पुढच्या वर्षीचं झाड नव्हे. ती सरकीतच आहे, आत्ता, या बोंडात.

मला इतकी वर्षं हे दिसलं का नाही, याचा विचार केला तेव्हा कारणही सापडलं. बोंडाची साल झाडाची, म्हणजे आईची. टरफलही आईच्याच ऊतीचं, आणि टरफलावरचा कापूसही. म्हणून सगळं एकसारखं, पांढरंशुभ्र दिसतं. लेकरू आहे ते टरफलाच्या आतलं, तो मगज. प्रत्येक सरकीत वेगळं लेकरू. बाहेरून बघणाऱ्याला एकच घर दिसतं, आतली भावंडं निरनिराळी.

दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं. पोरांना मॅडमची चूक फार गोड लागते, चार दिवस पुरली त्यांना.

मग पडताळून पाहायचं ठरवलं. नात्यातला एक मुलगा बियाणं तपासणीच्या कामात आहे, त्याच्याकडे मुदत संपत आलेल्या १२ पट्ट्या होत्या, बीटीत सगळ्यात आधी आलेल्या जनुकाचं प्रथिन ओळखणाऱ्या. दिसायला कोरोनाच्या घरगुती चाचणीसारख्याच: दोन रेघा म्हणजे बीटी, एक रेघ म्हणजे नाही. एक पट्टी झाडाच्या पानावर खर्च केली, झाड खरंच बीटी आहे ना ते पाहायला. दोन रेघा. एक पट्टी एका उत्साही कार्यकर्त्यानं उलट्या टोकानं बुडवली. उरल्या १०. एकाच बोंडातल्या १० सरक्या घेतल्या, टरफल सोलून टाकलं (ते आईचं ना!), प्रत्येकीचा मगज वेगळ्या नळीत द्रावण घालून चुरला. मधे हात धुवायचे, नाहीतर एकीचं प्रथिन दुसरीत जातं. पाच-दहा मिनिटं वर्ग इतका शांत मी परीक्षेतही पाहिला नाही.

आठ पट्ट्यांवर दोन रेघा, दोन पट्ट्यांवर एक.

"मॅडम, मेंडेल चुकला! साडेसात-अडीच पाह्यजे होतं."

अर्धी सरकी कुठून आणायची ते त्यालाच विचारलं. मेंडेलनं गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या मोजणीत ७,३२४ दाणे मोजले होते. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तरी भागाकार नेमका ३ येत नाही, २.९६ येतो. आम्ही १० वर निघालो होतो. मग रुपयाची नाणी काढली. प्रत्येकाकडे दोन, एक आईचं, एक बापाचं, दोन्ही एकदम उडवायची. दोन्ही काटे पडले तर नॉन-बीटी, छापा एक जरी आला तरी बीटी. चाळीस पोरं, प्रत्येकी दहा वेळा. ४०० पैकी १०७ वेळा दोन्ही काटे. पहिल्या बाकावर मात्र दहात एकदाही नाही, आणि शेजारच्या पोराला दहात पाच! संभाव्यता या शब्दाची व्याख्या मी त्या वर्षी सांगितलीच नाही, गरज पडली नाही. दोन नाणी हरवली, ती माझ्याकडून गेली.

इथवर गंमत होती. पुढचा भाग मी वर्गात जरा सांभाळूनच सांगितला, कारण समोर बसलेल्या बहुतेकांच्या घरात २०१७ साल आहे. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस नेला आणि त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसंही गेली. माझ्या भावानं त्या वर्षी डिसेंबरातच उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला. फरदड ठेवायची नाही, म्हणजे वेचणी सरल्यावर पुन्हा बोंडं धरतील म्हणून झाडं उभी ठेवायची नाहीत, हे तोपर्यंत त्याला कितीही सांगून पटत नव्हतं.

गुलाबी अळीची रीत वेगळी आहे. फुलात शिरली तर पाकळ्या आतून जाळ्यानं शिवून टाकते, त्याला आपण डोमकळी म्हणतो. बोंडात शिरली की शिरल्याचं भोक बुजून जातं. आत बसून ती सरकी खाते, पान नाही. वरून किती का फवारा, तिला काय त्याचं! बोंड फुटेल तेव्हा कवडी, म्हणजे किडका, नीट न फुललेला कापूस हातात येतो आणि मग कळतं.

आता तो चौकोन पुन्हा काढा. २००६ पासून आलेल्या वाणांत दोन जनुकं आहेत. दोन्ही वेगवेगळी वाटली जातात असं धरलं तर ९:३:३:१. बोंडात ३२ सरक्या असतील तर सरासरी १८ मध्ये दोन्ही प्रथिनं, ६ मध्ये पहिलंच, ६ मध्ये दुसरंच आणि २ मध्ये काहीच नाही. वाटाण्याच्या पिवळ्या-हिरव्या, गोल-सुरकुतलेल्या दाण्यांचा हाच हिशोब मुलं घोकतात, आणि आमच्याकडे वाटाणा कोणी पेरत नाही, हिवाळ्यात बाजारातून पावशेर आणतात.

आत बसलेली अळी या ३२ दाण्यांच्या ताटातून खाते. कुठे पूर्ण मात्रा, कुठे अर्धी, कुठे शून्य. अळीतही जनुकांची जोडी असते. प्रतिकाराचं जनुक बहुधा अप्रभावी, म्हणजे दोन्हीकडून आलं तरच पुरता बचाव. एकच असलेली अळी भरपूर मात्रेनं मरते, पण अपुऱ्या मात्रेत तगून जाऊ शकते. तगली की तिचं जनुक पुढे. म्हणूनच संकरित बोंडातल्या या सरमिसळीनं प्रतिकार लवकर आला, असं नागपूरच्या कापूस संशोधनातल्या जाणत्यांनी मांडलं आहे. पहिल्या जनुकाला गुजरातेतली गुलाबी अळी दाद देईनाशी झाल्याचं २०१० मध्येच जाहीर झालं होतं, पुढे दुसऱ्यालाही.

पण हे मी वर्गात "म्हणूनच" असं सांगून सोडलं नाही, एकदा पोळले होते ना. उलटं उदाहरणही आहे. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरित बीटीच्या दुसऱ्या पिढीचं बी लावलं, त्यात पाव हिस्सा झाडं बीटी नसलेली निघाली आणि गुलाबी अळीचा प्रतिकार वाढायच्या ऐवजी मागे हटला, असं तिथल्या संशोधकांना दिसलं. त्या पाव हिश्शावर साध्या अळ्या जगल्या, त्यांचे पतंग प्रतिकारवाल्यांशी जुळले, संतती पुन्हा मरणारी. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पुडकं यायचं ते याचसाठी, कडेनं लावायला. आमच्या भागात ते कोण लावत होतं? माझ्या भावाकडे अशी पुडकी माळ्यावर पडलेली मी पाहिली आहेत. त्याचं म्हणणं सरळ होतं: "अळीले आपनच जेवू घालाचं का?" आता बियाणं पाकिटातच मिसळून येतं, म्हणजे विचारायचा प्रश्नच नको. पण पुडकं कशासाठी आहे, त्यामागचा चौकोन काय, हे भावाला कोणी सांगितलं नव्हतं. घरात विज्ञानाची मास्तरीण असून मीही नाही.

त्या मुलाचे बाबा जानेवारीत शाळेत भेटले, दाखल्याच्या कामाला आले होते. मी विषय काढला. घरच्या सरकीतली पाव झाडं का खाल्ली गेली ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ते पावभर पेरायच्या आंधी वळखू येते का?" नाही येत, टरफल सगळ्यांचं सारखंच. "मंग आमाले त्याचा काय उपेग?" असं म्हणून हसले. दाखला घेऊन गेले.

मार्चमध्ये त्या मुलानं काडेपेटी आणून दिली. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, जोड सरकी. गुलाबी अळी हंगाम सरताना अशा दोन दाण्यांना जोडून मधे झोपून राहते. उघडून बघायचा मुलांचा हट्ट होता, मी उघडू दिलं नाही. बरणीत घातली, तोंडाला फडकं बांधलं, फळीवर ठेवली. सुट्ट्या लागल्या, विसरले.

जूनअखेरीस शाळा उघडली तेव्हा शिपाईमामा प्रयोगशाळा झाडत होते. म्हणाले, "मॅडम, हे बरनी टाकू का? किडा मेला हाय आतमंदी." तळाला करडा-तपकिरी एक पतंग, नखाएवढाही नाही. एका सरकीला गोल भोक. दुसरी धड होती. आता ती दहावीत गेलेली पोरं रोज विचारतात, धड राहिलेल्या सरकीवर पट्टी लावायची का. पट्ट्या संपल्यात.