‘नाक’ नावाचा रकाना

“नाकाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही,” असं व्हिस्की चाखायला शिकवणाऱ्याने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा टेबलावरच्या बाकी सहा जणांची कार्डं भरून झाली होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. न्यू जर्सीतल्या एका दारूच्या दुकानामागची खोली, शुक्रवारची संध्याकाळ, पैसे भरून घेतलेली खुर्ची. समोर चार ग्लास, हातात जाडसर कार्ड, त्यावर तीन चौकटी: नाक, जीभ, शेवट, म्हणजे वास, चव आणि घोटानंतर मागे रेंगाळणारी चव. नियम असा की नाकाची चौकट भरल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढचा ग्लास उचलायचा नाही. म्हणजे माझ्या एका नाकापायी सात माणसं ताटकळलेली. मी पुन्हा ग्लास नाकाला लावला. सणकन झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं. मी लिहिलं, ‘स्ट्राँग’. त्याने वाकून वाचलं आणि म्हणाला, “हा वास नाही.” शेजारच्या बाईंनी ‘आजीची देवदाराची पेटी’ असं लिहिलं होतं. तो मात्र वास होता म्हणे.

शेवटी कार्डामागे छापलेल्या यादीतून मी मेपल (एका झाडाचा गोड पाक), ग्रॅहम क्रॅकर (तिकडचं बिस्किट) आणि मार्झिपान (बदामाची मिठाई) असे तीन शब्द उतरवले आणि सुटलो. बारावीत शेजारच्याचं बघून लिहिलं होतं, त्यानंतर थेट त्या दिवशी.

आमची पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे राग का आला ते कळेल. सांगलीच्या हॉस्टेलवर आम्ही ओल्ड मंक प्यायचो, थम्स अप घालून. तिचा वास घ्यायचा नसतो, श्वास रोखून ती खाली उतरवायची असते. आणि व्हिस्की म्हणून आपल्याकडे जी स्वस्तातली मिळते, तिच्यात बहुतेक वेळा मळीपासून काढलेला स्पिरिट असतो. युरोपात तिला व्हिस्की म्हणूच देत नाहीत, तिथे व्हिस्की धान्याचीच लागते. म्हणजे मी आयुष्यभर रमच पीत होतो, कधी रम म्हणून आणि कधी व्हिस्की म्हणून. आणि पहिल्यांदा खरी धान्याची व्हिस्की विकत घ्यायला निघालो तर ती निघाली रमच्या पिंपात मुरवलेली.

एंजल्स एन्व्ही राय. त्या संध्याकाळचा पहिला ग्लास तिचाच होता. हट्टाने तिचीच बाटली घेऊन घरी आलो. जवळपास शंभर डॉलर. बायकोने लेबल वाचून विचारलं, “राय म्हणजे मोहरी?” नाही. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य, थंड मुलखात पिकणारं, ज्याची काळपट आंबूस भाकरी जर्मनीकडे खातात. अमेरिकेत ‘राय व्हिस्की’ म्हणवून घ्यायला धान्यात निदान 51% राय लागते, आणि दारू नव्या, आतून जाळून काढलेल्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. बोर्बनला तोच आकडा मक्याचा. हिच्यात मात्र 95% राय आणि 5% मोड आणलेलं सातू. नव्या पिंपात मुरली की ती काढून कॅरिबियन रमच्या जुन्या पिंपांत ओततात आणि 18 महिन्यांपर्यंत ठेवतात. लाकडात भिनलेली रम हळूहळू हिच्यात उतरते. लेबलवरही नुसतं ‘राय’ नाही, ‘रमच्या पिंपात पूर्ण केलेली’ असं लिहावं लागतं. कडवे राय-भक्त त्यामुळेच नाकं मुरडतात. त्यांना निदान मुरडायला नाक तरी आहे.

हे डोकं लिंकन हेंडरसन यांचं. आयुष्यभर मोठ्या कंपनीत व्हिस्की केली, वुडफर्ड रिझर्व्ह त्यांच्याच हातची, आणि निवृत्तीनंतर मुलाबरोबर केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला हा उद्योग काढला. 2013 साली, ही राय बाजारात आली त्याच वर्षी, ते गेले. पिंपातून दरवर्षी जी दारू उडून जाते तिला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. उरलेली इतकी चांगली की देवदूतांनी जळावं, असा त्या नावातला विनोद. असो.

आता नाक.

पहिल्या रात्री मी पाणी प्यायच्या सरळसोट ग्लासात ओतली, दोन खडे बर्फ टाकला आणि ग्लासात तोंड घालून हुंगत बसलो. बर्फाच्या गारव्याखेरीज काही नाही. दुसऱ्या रात्री बर्फ काढला, नाक पार आत घातलं. झिणझिण्या. ही बाटली 50 टक्क्यांची आहे, आपली नेहमीची 42.8 ची असते. तेवढ्या अल्कोहोलवर नाक थेट टेकवलं की वास लागायच्या आधी नुसतं चुरचुरतं, आणि मग बराच वेळ कशाचाच वास येत नाही. हे मला नंतर कळलं. त्या रात्री मी एवढंच ठरवलं की लहानपणच्या सर्दीने माझं नाक कायमचं गेलेलं आहे.

मग ग्लास मागवले. ट्युलिपच्या कळीसारखे, बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते. तिसऱ्या रात्री चमत्कार झाला. ग्लास जवळ आणला आणि मसाला! स्पष्ट, अगदी स्पष्ट. लवंग, थोडं धण्यासारखं, आणि खाली पावसाळी मातीसारखं, शेवाळी काहीतरी. राय ‘मसालेदार’ असते हे वाचलेलं होतंच. मी वहीत लिहिलं, तारीख घातली. चौथ्या रात्री पुन्हा तोच वास, पाचव्या रात्रीही. मित्राला फोन करून अर्धा तास सांगितलं की माणसाने फक्त धीर धरायला हवा, नाक हळूहळू उघडतं. त्या रकानेवाल्याला मेल लिहायच्या बेतात होतो.

शनिवारी बायको ओटा आवरत होती. तिला म्हटलं, तू एकदा हुंगून बघ. तिने ग्लास घेतला, नाकाजवळ नेला, थांबली. मग दुसरा, धुऊन पालथा ठेवलेला, कोरडा ग्लास घेतला आणि तोही हुंगला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “अरे, हा आईचा गोडा मसाला आहे.”

सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेला, दोन पिशव्यांत आणि वर डब्यात बंद केलेला मसाला. ग्लास त्याच कपाटात, त्याच फळीवर, पालथे. पालथा ग्लास म्हणजे वास कोंडायची घुमटीच. शेवाळी वाटत होतं ते दगडफूल. तीन रात्री मी शंभर डॉलरच्या बाटलीत सासूबाईंच्या हातचं दगडफूल शोधून काढत होतो आणि त्याच्या नोंदी ठेवत होतो.

ती वही अजून आहे. पानं फाडली नाहीत, पण दाखवतही नाही.

तेव्हा कोणी विचारलं तर पहिली गोष्ट: आधी रिकामा ग्लास हुंगा. साबणाचा, फडक्याचा, कपाटाचा कसलाही वास आला तर नुसत्या गरम पाण्याने खळबळून घ्या आणि पालथा न ठेवता हवेवर वाळवा. घरात फोडणी झाली असेल, उदबत्ती लागली असेल तर त्या दिवशी नाद सोडा. हिंगापुढे केंटकीचं काही चालत नाही.

त्यानंतर दोन आठवडे मी बाटलीकडे फिरकलो नाही. रागच होता. मग एका रविवारी सकाळी, होय, सकाळीच, नाश्त्याच्या आधी, घर थंड आणि चूल पेटलेली नसताना पुन्हा बसलो. 30 मिली ओतली आणि ग्लासावर बशी झाकून पंधरा मिनिटं पेपर वाचला. मग बशी काढली. ग्लास हनुवटीपाशी धरला, तोंड किंचित उघडं ठेवलं आणि वास येईल तेवढाच येऊ दिला. तोंड उघडं ठेवायचं हे कोणी आधी सांगत का नाही? तोंड मिटून हुंगलं की सगळा जाळ नाकात जातो, उघडं ठेवलं की निम्मा तिथून निघून जातो. मग चहाचा एक चमचा साधं पाणी घातलं. 30 मिलीत 5 मिली पाणी म्हणजे 50 ची जवळपास 43 होते, आपल्या ओळखीच्या आकड्यावर येते.

आणि मामांचं गुऱ्हाळ आलं.

मेपल नाही, ग्रॅहम क्रॅकर नाही. शिरोळकडचं, जानेवारीतलं, पहाटेचं गुऱ्हाळ. काहिलीतल्या रसावरची मळी काढून झालेली, रस तांबडा होऊन जाड बुडबुडे यायला लागलेले, गुळव्या फावड्याने ढवळतोय, खाली चुलवाणात चिपाडं तडतडतायत. गुळाच्या आधीचा, काकवीचा तो क्षण. त्यात चिपाडांच्या धुराची कड असते, ती इथे जाळलेल्या ओकची असणार. मागून पिकून काळं पडलेलं केळं. मी ग्लास खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसलो. रम उसाच्या मळीचीच, तेव्हा यात जादू काही नाही. पण मला तीन आठवडे यादीतल्या ज्या वासांशी झगडायला लावलं, त्यातला एकही माझ्या ओळखीचा नव्हता. आणि जो होता, तो पाचवीत असल्यापासून माझ्या नाकात होता.

मग घोट. एवढ्या झटापटीनंतर हे अगदी सोपं निघालं. आधी गोड, चांगलंच गोड, मग मधेच राय जागी होते. आलेपाक खाल्ला आहे ना? साखर विरघळते आणि मागून आलं घशाला लागतं, तसं. शेवट लांब, मिरीचा, थोडा शहाजिऱ्यासारखा. खरं सांगायचं तर माझ्या मते इथे रमचा हात जड झालाय. पहिला स्मॉल अप्रतिम, दुसऱ्याला गोडी अंगावर येते. राय कशी असते हे कळण्यासाठी मी नंतर साधी, रम न दाखवलेली राय आणून शेजारी ठेवून प्यायली, तेव्हा कुठे कळलं की 18 महिन्यांनी नक्की काय केलं. आधी साधी, मग ही. उलटं केलं तर साधी बिचारी कडू वाटते.

राहिलेलं, आठवेल तसं. नाक दमलं की स्वतःच्या शर्टाची बाही हुंगायची, ताळ्यावर येतं. चकल्या, शेव, मसाला शेंगदाणे नकोत, फार तर साधे काजू. बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली की बुचाला दारू लागून राहते. भारतात नेणार असाल तर सामानात टाका: माणशी 2 लिटर ड्युटी लागत नाही, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या बसतात, आणि 70 टक्क्यांच्या आत असल्याने विमानवाले अडवत नाहीत. मी एक नेली. वडील माळकरी, त्यामुळे ती मामांकडे उघडली. मामांनी ग्लास नाकाला लावला, मी काही सांगायच्या आत म्हणाले, “रस जरा जास्त आटलाय. उतरवायला उशीर केला यांनी.”

दुकानाने पुढच्या शुक्रवारचं बोलावणं पाठवलंय. कार्डाचा फोटोही सोबत, नाकाचा रकाना आता आणखी मोठा केलाय. ग्लास सध्या बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटात आहेत. मसाल्याचा डबा जागचा हलणार नाही, असं मला स्वयंपाकघरातून कळवण्यात आलं आहे.