त्या मुलाचं नाव काय?

“टीचर, पण त्या मुलाचं नाव काय होतं?”

धर्मशिक्षणाचा तास संपत आला होता. येशूने पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट मी उरकत होते. डोक्यात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. गोष्ट बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत) आहे, पण सातूच्या 5 भाकरी आणि 2 मासे जवळ असलेला मुलगा फक्त योहानाच्या शुभवर्तमानात भेटतो, 6व्या अध्यायात. शिष्य आंद्रिया येशूला त्याच्याबद्दल सांगतो आणि त्याच दमात विचारतो, एवढ्यांना हे काय पुरणार? (अगदी आमच्या स्टाफरूममधला वाटतो.)

“नाव दिलेलं नाही गं.”

“मग त्यालाही नंबरानेच बोलवत असतील.”

वर्ग हसला. मीही हसले. टोमणा नव्हता तो, ती सहज बोलून गेली. पण मी हजेरी नंबरानेच घेते. वेळ वाचतो ना.

रात्री रोझरीची जपमाळ हातात, मन त्या वाक्यात. शिकवणं ही नोकरी नाही, देवाने नाव घेऊन मारलेली हाक आहे, असं मी किती जणांना ऐकवलंय!

उद्या हजेरी नावाने. मागच्या बाकावरच्या दोघांची नावं मात्र आत्ता पट उघडून बघावी लागली.