आमची वाटचाल: चोक काढून न टाकणारं गॅरेज

जुन्या गाड्यांचं आमचं गॅरेज थोरल्या भावाने आणि त्याच्या एका जोडीदाराने सुरू केलं. भाऊ इंजिन बघायचा, जोडीदार गिऱ्हाईक आणि हिशोब सांभाळायचा, मी कोपऱ्यात बसून कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलायचो. नाव झालं ते त्या कोपऱ्यामुळेच, हे आज उघड लिहितो. पुढची वर्षं बरी गेली.

मग जोडीदार वेगळा झाला आणि जवळच दुकान थाटलं. जाताना गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला. त्याचं सांगणं एकच: जुना चोक (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून मिश्रण दाट करणारी यंत्रणा) दुरुस्त होत नाही, काढून टाका, नाहीतर इलेक्ट्रिक चोकवाला, म्हणजे विजेच्या हीटरने तापून आपोआप उघडणाऱ्या चोकचा, नवा कार्बोरेटर बसवा. त्याचं काम झटपट व्हायचं, आमच्याकडे गाडी मुक्कामाला राहायची. लोक तिकडे वळले. आमच्याकडे कित्येक दिवस भवानीसुद्धा व्हायची नाही. भावाने लेथ विकली. हत्यारांची पेटी मात्र मी विकू दिली नाही.

त्या पेटीत जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या, चाव्या आहेत, बारीक कानस आहे, छोटा पंच आहे. चोकच्या हवा अडवणाऱ्या पाकळीचे दोन पितळी स्क्रू कंपनीतून टोकाला फुलवून येतात, सुटू नयेत म्हणून. ते तसेच फिरवले तर पाकळीच्या दांड्यातले आटे फाटतात. आधी फुललेलं टोक कानशीने घासायचं, मग सोडवायचे. बसवताना नवे स्क्रू घ्यायचे आणि पुन्हा फुलवायचे, पण दांड्याखाली भक्कम आधार देऊन. दांडा वाकला की पाकळी अडकलीच. सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो. आणि दांड्यावर तेल सोडू नका. त्यावर धूळ बसते आणि चोक आणखी जड होतो. कार्बोरेटर क्लीनर मारा, कोरडा राहू द्या.

या पडत्या काळात आमच्यामागे उभ्या राहिल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतात. गाडी मॉरिस मायनर, कार्बोरेटर एसयू. गाडी काळा धूर सोडायची, प्लग काजळायचे. त्या आधी जोडीदाराच्या दुकानात गेल्या होत्या. तिथेही तेच, चोक काढून टाका. बाईंनी विचारलं, "म्हणजे जेट काढणार का?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. एसयूला चोकची पाकळी नसतेच. चोकची ओढायची दांडी ओढली की जेट खाली सरकतो, त्यातल्या सुईभोवतीची जागा वाढते आणि मिश्रण दाट होतं. बाईंच्या गाडीचा जेट खालीच अडकून बसला होता. बोटाने वर ढकलला तर धूर कमी झाला. जेट बाहेर काढून पितळेच्या पॉलिशने चकचकीत केला, लिंकेजचे सांधे साफ केले, परतीची स्प्रिंग बदलली. दांडी आत ढकलताच जेट आपसूक वर यायला लागला. त्या दिवसापासून बाईंनी ओळखीतल्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला आमच्याकडे पाठवलं.

मग जोडीदाराने बसवलेले इलेक्ट्रिक चोकही आमच्याकडे येऊ लागले. त्याने वायर इग्निशन कॉइलवरून घेतलेली असायची. बॅलास्ट, म्हणजे कॉइलचा व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर, असलेल्या गाडीत तिथे पूर्ण बारा व्होल्ट मिळत नाहीत, चोकचं हीटर हळू तापतं, पाकळी उशिरा उघडते. तोवर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन खाली उतरतं आणि इंजिन ऑइल पातळ होतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला की आधी चोक बघा. वायर इग्निशनच्या चावीने चालू-बंद होणाऱ्या सप्लायवरच हवी. सरळ बॅटरीवर जोडली तर गाडी उभी असतानाही हीटर चालू राहतं, चोक स्टार्ट मारण्याआधीच उघडतो आणि बॅटरी उतरते. हे मी त्याच्या गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं. वही मात्र त्याने अजून परत केलेली नाही.

आता कार्बोरेटरच्या टेबलावर पुतणी बसते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. चोकची तार बसवताना ओढायची दांडी आत असताना दीड-दोन मिलिमीटर ढील ठेवायची, हे तिला सांगावं लागत नाही. ढील नसेल तर चोक पुरता सुटत नाही आणि लोक उगाच मेन जेट बदलत बसतात.

चोकचं काम असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडा. चोक आम्ही सकाळी, थंड इंजिनवरच तपासतो.