कॅथरीनचं भाषण आणि शनिवारच्या गप्पा

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९८६)

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत मैदान, प्रार्थना आणि सहली यांच्या आठवणी पुष्कळ जण लिहितील. मला लिहायचं आहे ते शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ग्रंथालयाच्या खोलीत रंगणाऱ्या गप्पांबद्दल. त्या कुठल्याच वेळापत्रकात नव्हत्या. आमच्या इंग्रजीच्या बाई पुस्तकांच्या नोंदी करायला थांबायच्या आणि नववीतल्या आम्ही काही मुली मदतीच्या निमित्तानं मागं राहायचो. नोंदी व्हायच्या, पण बोलणं चालायचं चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या नाटकांचं. त्यातल्या थोरामोठ्यांविषयी आम्ही जे काही बोलायचो ते वर्गात खपलं नसतं. बाईंनी ते खपवून तर घेतलंच, वर आणखी बोलायला लावलं.

सुरुवात झाली ती लँबच्या शेक्सपिअरच्या गोष्टींपासून. आपल्या ग्रंथालयातल्या जुन्या प्रतीवर लेखक म्हणून फक्त चार्ल्स लँब हे नाव होतं. बाई म्हणाल्या, यातल्या वीस गोष्टींपैकी चौदा त्याच्या बहिणीनं, मेरीनं लिहिल्यात. १८०७ साली पुस्तक निघालं तेव्हा तिचं नाव त्यावर घातलंच नाही. मग त्यांनी प्रस्तावना वाचून दाखवली. मुलग्यांना वडिलांच्या कपाटातली पुस्तकं लहानपणीच हाताळायला मिळतात, मुलींना मिळत नाहीत, म्हणून हे पुस्तक मुख्यतः मुलींसाठी आहे. आणि त्यातला अवघड भाग भावांनी बहिणींना समजावून द्यावा, असं त्यात लिहिलं आहे. आमच्यातली एक ताडकन म्हणाली, "बाई, म्हणजे लिहायचं बहिणीनं, नाव भावाचं, आणि वर त्यानंच आपल्याला समजावून सांगायचं?" बाईंनी तिच्या हातात पेन्सिल दिली. तिनं पहिल्या पानावर 'मेरी' लिहिलं, आणि दाखल नोंदवहीतल्या लेखकाच्या रकान्यात बाईंनी शाईनं 'मेरी व चार्ल्स लँब' अशी दुरुस्ती केली. ती नोंदवही अजून असेल तर कुणीतरी उघडून पाहावी.

त्या पुस्तकातल्या ज्या गोष्टीवर आमचे सर्वांत जास्त शनिवार गेले ती इटलीतल्या पादुआच्या कॅथरीनची, म्हणजे 'द टेमिंग ऑफ द श्रू'ची. तिखट जिभेची थोरली मुलगी, तिच्याशी कुणी लग्न करायला तयार नाही. पेट्रुचिओ नावाचा माणूस हुंड्यासाठी ते करतो आणि घरी नेऊन तिला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही. हे सगळं तिच्या काळजीपोटी चाललंय असं तोंडानं म्हणत राहतो. मूळ नाटकात तो प्रेक्षकांकडे वळून ही पद्धत सांगतो: शिकारीच्या ससाण्याला जसं उपाशी आणि जागं ठेवून हाताळतात, तसंच हिचं करायचं. शेवटी मेजवानीत कॅथरीन इतर बायकांना नवऱ्याची आज्ञा कशी पाळावी हे चव्वेचाळीस ओळींत सांगते आणि आपला हात त्याच्या पायाखाली ठेवायची तयारी दाखवते. हे विनोदी नाटक आहे.

आमच्या एका मैत्रिणीचे वडील वकील होते. ती म्हणाली, "बाई, आमच्या घरी परवा नव्या कायद्याची चर्चा चालली होती. चारशे अठ्ठ्याण्णव अ. बायकोला असं छळलं तर नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा." ते कलम १९८३ च्या डिसेंबरात आलं होतं. सुना जळाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात रोज असायच्या आणि घरातली मोठी माणसं त्या आम्हाला वाचू द्यायची नाहीत. ज्या गोष्टीला शतकानुशतकं लोक हसले ती आता पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हे आम्हाला त्या खोलीत, पुठ्ठे चिकटवताना कळलं. "मग शेक्सपिअरला आत टाकायचं का?" असं दुसरीनं विचारलं. बाईंनी तिला दटावलं नाही. त्या म्हणाल्या, "आधी कोण कुणाला हसतंय ते बघा, मग ठरवा."

आणि त्यांनी आम्हाला लँबनी गाळलेला भाग सांगितला. नाटकाची सुरुवात पादुआत होतच नाही. स्लाय नावाचा एक दारुडा रस्त्यात पडलेला असतो. गंमत म्हणून एक सरदार त्याला उचलून आणतो, तू मोठा उमराव आहेस असं पटवतो आणि एका पोऱ्याला लुगडं नेसवावं तसा जामानिमा करून त्याची बायको म्हणून शेजारी बसवतो. कॅथरीनची गोष्ट म्हणजे या दारुड्यासमोर केलेला खेळ. बाई पुढं म्हणाल्या, त्या काळी इंग्लंडच्या रंगभूमीवर बायका नव्हत्या. कॅथरीनचं कामही मुलगाच करायचा. म्हणजे पुरुषानं लिहिलेलं, पोरानं म्हटलेलं, पोराशेजारी बसलेल्या दारुड्याला सुखावणारं ते आज्ञापालनाचं भाषण. "यात बाई कुठंच नाही!" असं आम्ही दोघी-तिघी एकदम ओरडलो. आजवर या नाटकावर मी जे वाचलं त्यातलं बरंचसं या एका वाक्याच्या पुढं गेलेलं नाही, असं मला खरंच वाटतं.

सांगलीत वाढलेल्या मुलींना पुरुषांनी स्त्री-भूमिका करण्याचं नवल नव्हतं. बालगंधर्वांचं कौतुक ऐकतच आम्ही मोठ्या झालो होतो. फर्ग्युसनचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी याच नाटकाचं 'त्राटिका' केलं आणि शाहूनगरवासी मंडळीनं ते गाजवलं. गणपतराव जोशींचा त्यातला प्रतापराव, म्हणजे मराठी पेट्रुचिओ, लोकांनी डोक्यावर घेतला होता. तिथंही नायिका पुरुषच. बाईंनी नगर वाचनालयातून त्याची जीर्ण प्रत मिळवली आणि स्नेहसंमेलनात शेवटचा प्रवेश करायचं ठरलं. या वेळी सगळ्या भूमिका मुलींच्या.

तालमीत भांडणं झाली ती भाषणावरून. एकीला ते रडत म्हणायचं होतं. एकीला वेडावून म्हणायचं होतं, म्हणजे कॅथरीन मनातून हरलेली नाही हे लोकांना कळेल. १९२९ सालच्या, अगदी सुरुवातीच्या बोलपटांपैकी एकात मेरी पिकफर्डनं याच भाषणाच्या शेवटी धाकट्या बहिणीकडे पाहून डोळा मारला होता, हे मला फार पुढं समजलं. तेव्हा आमच्या त्या मैत्रिणीची आठवण झाली. बाईंना डोळा मारणं पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, तसं केलं की प्रेक्षक सुटतात; तिचं ठीक चाललंय असं समजून घरी जातात. त्याच सुमारास त्यांनी आम्हाला स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' दाखवायला नेलं होतं. त्यातल्या बायका थेट आमच्याशी बोलत होत्या, ते आमच्या मनात ताजं होतं. शेवटी भाषणाचे तुकडे केले. प्रत्येकीनं चार-पाच ओळी, रडणं नाही, वेडावणं नाही, पहिल्या रांगेतल्या पालकांच्या डोळ्यांत बघून म्हणायच्या. काही पालकांना ते फार आवडलं, असले संस्कार हवेत म्हणाले. एका गृहस्थांनी मात्र दुसऱ्या दिवशी येऊन तक्रार केली की मुली ते भाषण 'उलट्या अर्थानं' म्हणत होत्या. आम्ही एक शब्दही बदलला नव्हता. शब्द तेच ठेवून म्हणणारी आणि ऐकणारा बदलला की नाटक बदलतं, हे मला त्या तक्रारीनं शिकवलं.

ऑथेल्लोपर्यंत आम्ही देवलांच्या वाटेनं पोचलो. गोविंद बल्लाळ देवल म्हणजे हरिपूरचे, आमच्या सायकलच्या टप्प्यातले, आणि 'शारदा' लिहिणारे. त्यांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. आमच्या गटाला त्यात ना झुंझाररावात रस होता ना त्याच्या कमळजेत. आम्हाला हवी होती मूळ नाटकातली एमिलिया, खलनायकाची बायको. ऑथेल्लोची बायको डेस्डिमोना ज्या रात्री मरते त्याच रात्री ती निजायची तयारी करतेय, एमिलिया तिचे केस आणि कपडे सोडवतेय, आणि दोघी नवऱ्यांबद्दल बोलतायत. एमिलिया म्हणते, नवऱ्यांनी लक्षात ठेवावं, बायकांनाही त्यांच्यासारखीच नजर असते, नाक असतं, गोड-आंबट कळणारी जीभ असते. आम्ही वाईट वागतो ते त्यांच्याकडून शिकून. पुढं कॉलेजात मला समजलं की १६२२ साली छापलेल्या पहिल्या प्रतीत हे भाषणच नाही, १६२३ च्या, शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात आहे. कुणी कापलं की कुणी मागाहून घातलं यावर अभ्यासक भांडतात. माझ्या दृष्टीनं दोन बायका बंद खोलीत मोकळेपणी बोलतात तो हा प्रवेश नाटकाचा गाभा आहे, आणि वेळ वाचवायला जो दिग्दर्शक तो छाटतो त्याला ऑथेल्लो कळलेला नाही.

२००३ मध्ये आम्ही बर्मिंगहॅमला राहत होतो. शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड जवळच. त्या वर्षी रॉयल शेक्सपिअर कंपनीनं, ग्रेगरी डोरन यांच्या दिग्दर्शनाखाली, कॅथरीनच्या नाटकाला जोडून जॉन फ्लेचरचं 'द टेमर टेम्ड' केलं. फ्लेचरनं ते साधारण १६११ मध्ये लिहिलं. त्यात कॅथरीन वारलेली आहे आणि पेट्रुचिओ दुसरं लग्न करतो. नवी बायको मारिया लग्नाच्या रात्रीच वरच्या मजल्यावर कोंडून घेते, शिधा भरून घेते, गावातल्या आणि खेड्यांतल्या बायका तिच्या मदतीला येतात. तो आजारी पडल्याचं सोंग करतो तर ती प्लेग म्हणून त्यालाच घरात बंद करते. तो मेल्याचं सोंग घेऊन पेटीत पडतो, तेव्हा ती रडते, पण त्याच्या जाण्यासाठी नाही. इतकं आयुष्य इतकं फुकट घालवलं म्हणून. १६३३ मध्ये दरबारी अधिकाऱ्यानं हे नाटक रोखलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ही दोन्ही नाटकं पाठोपाठ राजाराणीपुढं झाली. कॅथरीनचं 'आवडलं' आणि मारियाचं 'फार आवडलं' अशी त्याच अधिकाऱ्याची नोंद आहे. म्हणजे शेक्सपिअरला उलट उत्तर देणं हे आमच्या काळातलं फॅड नव्हे. तो जिवंत असतानाच ते लिहिलं गेलं, आणि लिहिणारा पुढं त्याचाच सहलेखक झाला. पूज्य नाटकांना हात लावू नये म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवते.

स्ट्रॅटफर्डला अलेक्झांड्रा गिलब्रेथ दोन्ही बायका झाली होती. पहिल्या नाटकात डोरननी पेट्रुचिओला दुःखी, हळवा केला होता, आणि ते मला पटलं नाही. उपाशी ठेवणाऱ्याचं दुःख समजून घेण्याचं काम पुन्हा उपाशी राहणारीवरच येतं. त्याच वर्षी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात फिलिडा लॉइडनी सगळ्या बायका घेऊन हेच नाटक केलं. उंच, रुंद पावलांची जॅनेट मॅक्टीर पेट्रुचिओ आणि चणीनं अगदी लहान कॅथरीन हंटर नायिका. पुरुषी ऐट एक बाई अंगावर चढवून दाखवते तेव्हा ती शिकून घेतलेली गोष्ट आहे हे स्पष्ट दिसतं. लॉइडनी पुढं २०१२ पासून शेक्सपिअरची तीन नाटकं स्त्रियांच्या तुरुंगात घडवली, कैद्यांनी बसवलेली म्हणून. त्यात कैदी स्त्रियांनीच १९७९ मध्ये उभारलेली 'क्लीन ब्रेक' ही संस्था सोबत होती. 'द टेम्पेस्ट'मध्ये हॅरिएट वॉल्टरनं केलेला नायक, प्रॉस्पेरो, ही जन्मठेपेची कैदी आहे. इतरांना सोडून देण्याबद्दल ती बोलते तेव्हा त्या बोलण्याला जे वजन येतं ते मी कुठल्याही दाढीवाल्या प्रॉस्पेरोकडून अनुभवलेलं नाही.

उलट २०१९ मध्ये स्ट्रॅटफर्डनं कॅथरीनच्या नाटकात स्त्रीसत्ताक जग कल्पून भूमिकांची अदलाबदल केली, बाई पुरुषाला वठणीवर आणते. आमच्या व्हॉट्सॲप गटात यावर तीन दिवस धुमश्चक्री झाली. वकिलांची मुलगी, आता स्वतः वकील, म्हणाली की उलटवल्यानं छळ हलका होतो, कारण त्या छळामागं कुठलाही रॉकेल आणि काडेपेटीचा इतिहास उभा नसतो. मी तिच्या बाजूची आहे. पेन्सिलवाली नाही. तिच्या मते पुरुष प्रेक्षकांना पहिल्यांदा ते पोटात खुपलं असेल.

याच गटात मी मेरी फ्रिथची हकिगत सांगितली. लंडनची ही बाई पुरुषी कपड्यांत, तंबाखू ओढत फिरायची. १६११ मध्ये मिडलटन आणि डेकरनी तिच्यावरच 'द रोअरिंग गर्ल' लिहिलं. चर्चच्या कोर्टात तिनं कबुली दिली ती अशी: फॉर्च्यून थिएटरात ती बूट घालून, तलवार लावून गेली, मी बाई आहे की नाही हे पाहायचं असेल तर माझ्या बिऱ्हाडी या असं जमलेल्यांना म्हणाली, मग रंगमंचावर सर्वांसमोर बसून ल्यूट हे तंतुवाद्य वाजवलं आणि गाणं म्हटलं. धंदेवाईक रंगभूमीवर बायका यायला १६६० उजाडलं, पण ही त्याच्या पन्नास वर्षं आधी बसून गेली होती. हे ऐकून बाई किती हसल्या असत्या! त्या आता ऐंशीच्या पुढं आहेत, फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून मी त्यांना सगळं पत्रात लिहून कळवलं. उत्तर आलं, मोठ्या अक्षरांत: "गाणं कोणतं होतं ते शोध."

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, ग्रंथालयाच्या खोलीत, आम्ही मारियाच्या कोंडून घेण्याच्या प्रवेशाचं आमच्या मराठीत वाचन करणार आहोत. त्याआधी कॅथरीनचं भाषण होईल, आणि ते आत्ताच्या नववीतल्या मुली म्हणतील. ते कसं म्हणायचं हे आम्ही ठरवलेलं नाही, सुचवणारही नाही. संहिता मुख्याध्यापकांच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्या मुलींना यायचं असेल त्यांनी ती आधी वाचावी, आणि जिथं राग येईल तिथं पेन्सिलीनं खूण करून आणावी.